मेकॅनिक मागं राहिला

४ जाने., रवि.
दुपारी टीव्हीवर मेकॅनिकचा पिक्चर लागला. अंतराळवाल्या सिरीजमधून काढलेला वेगळा पिक्चर. मूळ भागांत हा माणूस दोन मिनिटं दिसतो. सगळ्यांना यानातून जाता यावं म्हणून मागं राहतो, बस. यात त्याचीच गोष्ट. पनवेलला लॅबमधल्या सलमाबरोबर पाहिलेला, कामाला दांडी मारून. तेव्हा दोघी रडलो होतो. आज रडू आलं नाही. यानाच्या कॅप्टनचा राग आला.
सासूबाई म्हणतात, "येवढं काय बगतेस? खोटंच हाय ना ते?"

६ जाने., मंगळ.
आज लॅबमध्ये सलमाच्या खुर्चीवर बसून सात महिने झाले. कधी लिहिलं नाही, आता लिहिते. कंपनी नाल्यात सोडते त्या पाण्याचे रिपोर्ट होते. साहेब म्हणाले, आकडे बदला आणि सही करा. दोघींनी करायची नाही, असं आदल्या दिवशी कँटीनमध्ये ठरलं होतं. तिनं केली नाही. मी केली. तिला काढलं, कारण 'गैरवर्तन'. मला सिनियर केलं.

८ जाने., गुरु.
जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर पिक्चरचा शेवट परत पाहिला. मेकॅनिक अजून आतच आहे हे कॅप्टनला पडद्यावर दिसतं. तरी यानाचं दार लावतो. सलमा तेव्हाच म्हणाली होती, "त्याला ठाऊक होतं गं." मी म्हटलं होतं, कायतरीच.
माहेरची म्हैस त्याच नाल्यावर पाणी पिते. दादाला फोन केला, तिकडं सोडू नको. का, ते सांगितलं नाही.

११ जाने., रवि.
शिळफाट्याला गेले. सलमा भावाच्या कटलरीच्या दुकानात बसते.
"काय दाखवू?" गिऱ्हाईकाला विचारतात तसं.
म्हटलं, मेकॅनिकचा पिक्चर परत बघितला.
"मी नाय बघत आता तसलं."
बांगड्यांचे डबे लावत राहिली. मग म्हणाली, "मला काढलं त्या केसची गुरुवारी कोर्टात तारीख हाय. वकील म्हणतात, आतलं कोणी बोललं तर केस उभी राहील."
"मला कशाला सांगतेस?"
"तू आलीस म्हणून. मी बोलावलं नव्हतं."
तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. तिनं चहासुद्धा विचारला नाही. का विचारावा?

१३ जाने., मंगळ.
ह्यांना कोर्टात बोलायचं सांगितलं. "रिपोर्टवर सही तुझी आहे. तूच अडकशील." बरोबरच बोलले. बरोबर बोलले याचाच राग.
साहेबांकडे गुरुवारची सुट्टी मागितली. "कशाला?" सासूबाईंना दवाखान्यात न्यायचंय, म्हटलं. परत खोटं. आता जिभेवरच असतं.

१५ जाने., गुरु., कोर्ट
वही पर्समधून आणली. हात रिकामे ठेवले तर उलट्या पावली घरी जाईन.
पुकारा व्हायचाय. सलमा समोर बाकावर, शेजारी तिची पिशवी. वकिलाशी बोलता बोलता तिनं मला पाहिलं. हसली नाही. थोड्या वेळानं पिशवी उचलून मांडीवर घेतली. बाकावर एका माणसापुरती जागा झाली. माझ्यासाठी की वकिलासाठी, कळत नाही.
मी अजून जिन्यापाशी उभी. शिपाई नावं वाचायला लागला. वही मिटते, बाकावर जाते.