निष्ठेचा रकाना

४ सप्टेंबर

आठ जमाती, पाच रकाने, प्रत्येक जमातीला तीस गुण. बळ, व्यापार, विद्या, कावा, निष्ठा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी एका अख्ख्या खंडाचा स्वभाव ठरवून हात धुतले. ब्रह्मदेवाला यापेक्षा जास्त वेळ लागला म्हणतात. त्याच्याकडे तक्ता नसावा.

खेळ संगणकावरचा आहे — राज्य वाढवा, तह करा, तह मोडा, लढा. बनवणाऱ्या कंपनीत माझी भाची प्रमुख. आमच्या वर्तमानपत्राने सायंआवृत्ती बंद केल्यापासून मी आठवड्यातले तीन दिवस वार्ताहर आणि उरलेले चार दिवस घरातली अडगळ. तिने ती अडगळ उचलून इथे आणली. "मामा, तुझं संस्कृत कशाला तरी लागू दे!" तर ते असं लागलं — नदीकाठचे ते नादेय, डोंगरातले शैल, रानातले आरण्यक, बेटांवरचे द्वैप. बाकीचे चारही असेच. बेरीज मात्र तीसच भरली पाहिजे, हा तिथला नियम. एका रकान्यात वाढवलं की दुसऱ्यात कापायचं.

नादेयांना विद्या नऊ, निष्ठा सात. (मी नदीकाठचा. निव्वळ योगायोग!) द्वैपांना व्यापार नऊ, कावा नऊ — मग निष्ठेला उरले दोन. देऊन टाकले. लिहिताना हसूही आलं. बायको बेटावरची, आणि हा घरातला जुना विनोद : बेटावरचा माणूस भरतीला शब्द देतो आणि ओहोटीला परत घेतो. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, विनोदाला पंचवीस.

५ सप्टेंबर

तक्ता भाचीला फार आवडला. "मामा, तू जन्मजात खेळाडू आहेस!" चोपन्नाव्या वर्षी कळलं. हरकत नाही.

९ सप्टेंबर

चेहरे काढणारी मुलगी माझ्या शेजारच्या टेबलाशी बसते. डोंगरातली आहे. आज तिच्या पडद्यावर आठ सेनापती ओळीने उभे होते — आठ टोप्या, आठ रंग, आणि चेहरा एकच! विचारलं.

"सांगाडा एकच असतो काका. वर रंग आणि टोपी बदलायची. काम लवकर होतं."

मी म्हटलं, "म्हणजे अद्वैतच की."

हसली नाही. माझे विनोद तिथे साधारण निम्मे पोचतात. हा वाटेतच बसला. मग तिने पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "शैलांना बळ नऊ आणि विद्या तीन — तुम्हीच दिलेत ना?"

"बेरीज तीस व्हावी लागते गं."

"हो ना. माझ्या दोन पदव्या बहुतेक बळात धरल्या असतील."

मी काहीतरी पुटपुटायला लागलो, तर तिनेच सोडवलं. "रागावले नाहीये काका. सवय आहे."

रागावली असती तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाशी वाद घालता येतो. सवय झालेल्याशी काय बोलणार?

१३ सप्टेंबर

आज सहा जण खेळ तपासायला आले. एका मोठ्या टेबलाभोवती सहा पडदे. मला कोपऱ्यात खुर्ची, हातात वही. बातमीदाराला आणखी काय लागतं!

पहिल्या तासात खेळ समजून घेतला. दुसऱ्या तासात तिघांनी आपापसांत ठरवून टाकलं — "बेटवाल्यांशी तह नको." कुणी शिकवलं नव्हतं. तक्त्यातले आकडे त्यांना दिसतही नाहीत; सरावाच्या डावात द्वैपांकडून संगणक खेळत होता, त्याने मोडलेल्या तहांवरून शिकले. तिसऱ्या तासाला ते वाक्य टेबलावर इतकं रुळलं की एकाने दुसऱ्याला खरोखरीच्या कामात, कॉफी आणायला सांगताना, "बेटवाला आहेस का रे तू? म्हणालास आणतो म्हणून!" असं सुनावलं. सगळे हसले.

द्वैपांच्या बाजूने एक चष्मेवाली मुलगी खेळत होती. तिने शेजारच्या शैलांशी तह केला आणि तो जिवापाड सांभाळला. उपासमार आली तरी मोडला नाही. स्वतःचं एक बंदर गमावलं तरी मोडला नाही. संध्याकाळी पाचच्या सुमाराला तिच्या गलबतांनी शैलांच्या किनाऱ्यावर हल्ला केला. ती खुर्चीतून उठलीच — "मी नाही केलं! मी काही दाबलंच नाही! आपोआप झालं!"

भाचीने शांतपणे समजावलं. निष्ठा तीनच्या खाली असली की तह कधी ना कधी आपोआप मोडतो. खेळणाऱ्याच्या हातात नसतं ते.

शैलांच्या बाजूचा पोरगेला माणूस तिला म्हणाला, "तुझा दोष नाही गं. तुझे लोकच तसे."

वहीत लिहून घेतलं. सवयीने. घरी येऊन वाचलं तेव्हा अक्षर माझंच होतं, एवढंच काय ते ओळखीचं वाटलं.

१४ सप्टेंबर

भाचीला म्हटलं, तो दोनचा आकडा बदल.

"वेड लागलंय का मामा? कालच्या दिवसातलं सगळ्यात भारी तेच होतं! ती मुलगी उठून उभी राहिली, पाहिलंस ना?"

"म्हणूनच म्हणतोय."

"कुणीतरी दगाबाज लागतोच खेळात. त्यांना सात द्यायचे तर दोन कुणाला देऊ? तूच सांग. शैलांना? आरण्यकांना?" मग डोळे मिचकावून, "तुझ्या नादेयांना?"

मी म्हटलं, दे. खुशाल दे. तर म्हणते, नवा खेळणारा नादेयांपासून सुरुवात करतो, त्याला पहिल्याच दिवशी दगा झाला तर तो खेळ विकत घेणार नाही. म्हणजे माझ्या लोकांचा प्रामाणिकपणा असा सिद्ध झाला.

तीस तारखेला तक्ता कुलूपबंद होणार. त्यानंतर आकडा बदलत नाही. आणि मग चाळीस हजार लोक, भाचीच्या अंदाजाप्रमाणे, पहिल्या महिन्यात शिकतील की बेटावरच्या माणसाशी तह करायचा नसतो.

१६ सप्टेंबर

तक्ता छापून घरी आणला होता, शुद्धलेखन तपासायला. जेवणाच्या टेबलावर राहिला.

बायको दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवते. कधी कधी मेणाचं काम घरी आणते. आज हात पुसायला कागद शोधताना तिच्या हाती हा आला. चष्मा कपाळावरून खाली ओढला, आणि वाचत बसली. मी स्वयंपाकघराच्या दारात. पळायलाही उशीर झाला होता.

"द्वैप म्हणजे आम्ही?"

"खेळ आहे गं तो."

"ते कळलं. द्वैप म्हणजे आम्हीच ना?"

"हो."

बोट रकान्यांवरून सरकत शेवटच्यापाशी थांबलं. "हे कुणी ठरवलं?"

आणि मी — तीस वर्षं लोकांना खरं बोला म्हणून छळणारा वार्ताहर — म्हणालो, "संगणकाने."

तिने कागद नीट दुमडून माझ्यासमोर ठेवला. "अस्सं. संगणक आपल्याकडे जेवायला येत असणार. हा विनोद त्याने आपल्याच टेबलावर ऐकलेला दिसतोय."

मग मेण गरम करायला गेली.

१७ सप्टेंबर

आज घरात मी एकटाच बोललो.

१९ सप्टेंबर

आठवून पाहतोय, ती या विनोदाला शेवटची कधी हसली. सुरुवातीला मनसोक्त हसायची, उलट मलाच सुनावायची — "आणि तुम्ही नदीकाठचे, सगळं वाहून आलेलं ते आमचंच म्हणता!" तो टोला मी चारचौघांत स्वतः सांगत असे. मग केव्हातरी नुसतं स्मित राहिलं. मग ते पाहुण्यांपुरतं. मग पाहुणे असताना ती नेमकी पाणी आणायला आत जाऊ लागली. तारीख सापडत नाही. बाकी सगळ्या तारखा पाठ आहेत मला — कुठलं सरकार कधी पडलं, कुठला पूल कधी वाहून गेला.

थट्टा म्हणजे प्रेमच, असं मी धरून चाललो होतो. अलंकारशास्त्रात व्याजनिंदा आहे, व्याजस्तुती आहे. ऐकणाऱ्याला पंचवीस वर्षांनी काय होतं, ते कुणी लिहिलेलं नाही. निदान मला परीक्षेला नव्हतं.

२० सप्टेंबर

एक कल्पना सुचली. चेहरे काढणाऱ्या मुलीलाच आधी सांगितली. निष्ठेचा रकाना जमातीच्या तक्त्यातून काढायचा. प्रत्येक जमातीची सहा पात्रं आहेत — सेनापती, वकील, नाखवा, वैद्य वगैरे. निष्ठा त्या त्या माणसाला द्यायची. दगाबाज हवा ना खेळात? आहेच! पण तो कोण आहे, हे त्याच्याशी व्यवहार करूनच कळेल. टोपी बघून नाही.

तिने पडद्यावरच्या आठ टोप्यांवर नजर फिरवली. "मग अठ्ठेचाळीस चेहरे वेगळे काढावे लागतील."

"लागतील."

"काढते," म्हणाली. आणि हसली! पहिल्यांदा. माझ्या विनोदाशिवाय.

दोघं मिळून भाचीकडे गेलो. तिने डोकं धरलं, मग बोटांवर दिवस मोजले. "अठ्ठेचाळीस माणसं लिहून दे मामा. प्रत्येकाचा आकडा, आणि आकड्यामागची गोष्ट. अठ्ठावीसपर्यंत. नाही जमलं तर जुना तक्ता जाईल. जसाच्या तसा."

२३ सप्टेंबर

नादेय झाले. शैलांसाठी चेहरेवाली मदत करतेय. तिचा आजोबा आता सेनापती आहे आणि तिची गणिताची शिक्षिका वकील. आज द्वैपांचा दिवस. सकाळपासून कागद कोरा. सव्वीस वर्षं बेटाबद्दल बोलत आलो, आणि सहा माणसं सुचेनात! सुचतोय तो एकच माणूस, आणि तोही माझ्या विनोदातला.

शेवटी तिच्यासमोर जाऊन बसलो. तीन वाक्यांत सगळं सांगितलं : आकडा मीच दिला, खोटं बोललो, आता सहा माणसं हवी आहेत. ती एका कवळीचे दात बसवत होती. वर न बघता म्हणाली, "पंडित, पेन आहे का?"

पेन होतं.

"माझी आत्या. लोकांना पलीकडे नेणारी होडी चालवायची. वादळात भांडखोर जावेला पलीकडे नेऊन सोडलं, कारण सकाळी हो म्हटलं होतं. परत येताना होडी बुडाली, ही पोहत आली. नऊ दे. तिला दहा दिलेले आवडणार नाहीत, शिष्ट म्हणतील." मग दीपस्तंभावरचा म्हातारा, मग जाळी विणणाऱ्या दोघी बहिणी. मी लिहीत होतो. बऱ्याच वर्षांनी ती सलग बोलत होती आणि मी मध्ये तोंड घालत नव्हतो.

"शाळेतला मास्तर?" मी विचारलं. "सात देऊ?"

"सगळ्यांना सहा-सात वाटत सुटू नकोस. तोही अपमानच आहे." तिने कवळी दिव्यापुढे धरली. "चार हजार जबडे झाले माझे. दोन सारखे नाही निघाले. मास्तरला पाच. आणि काकाला एक दे. त्याने एकच होडी दोन सख्ख्या भावांना विकली."

"एक? तुझा काका—"

"माझा काका आहे म्हणून तर मी देऊ शकते."

२८ सप्टेंबर

अठ्ठेचाळीस माणसं. दिली.

३० सप्टेंबर

कुलूप लागलं! चष्मेवाली मुलगी आज पुन्हा आली होती, पुन्हा द्वैपांच्या बाजूने बसली. काकाने तिला फसवलं. आत्या शेवटपर्यंत राहिली. "हा काका बघ कसला आहे!" असं ती ओरडली — काका! बेटवाले नव्हे. भाचीने लांबूनच मला अंगठा दाखवला. चेहरेवालीने आत्याचं चित्र छापून दिलं, काकूंसाठी म्हणून.

घरी येऊन बायकोला दिलं. तिने पुष्कळ वेळ पाहिलं. "नाक चुकलंय," म्हणाली. आणि कामाच्या टेबलावर भिंतीशी टेकवून ठेवलं.

स्वतःवर खूश आहे आज. लपवत नाही.

२ ऑक्टोबर

सव्वीस वर्षांत मी तिच्या बेटावर एकदाही गेलेलो नाही. "तुला बोट लागते," असं ती म्हणायची आणि मला ते सोयीचं होतं. आज संध्याकाळी म्हटलं, एकदा जाऊ या का? लागू दे बोट.

ती हातातलं मेण वळत राहिली. मग सांगितलं — दरवर्षी माहेरून बोलावणं यायचं. दोघांनाही. ती मला कळवतच नसे. "तू आला असतास. सगळ्यांशी गोड बोलला असतास. आणि परतीच्या बोटीत एक विनोद केला असतास. तो मला ऐकायचा नव्हता."

"आणि या वर्षी?"

"या वर्षी त्यांनी विचारलं नाही."