तळाचं बूच

बुधवार, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीची पाठ आता कशी आहे? इकडे आम्ही मजेत. गच्ची गळायची थांबली, लेकीला नवी नोकरी मानवली. हे नेहमीसारखे शेडमध्ये.

तुम्ही दोघांनी मिळून बांधायला घेतलेलं विमान तयार झालंय. रविवारी हे एकटे उडवणार आहेत.

गाडीचं इंजिन जोरात फिरतं, पंख्याला तेवढा वेग झेपत नाही, म्हणून मध्ये वेग उतरवणारा गिअरबॉक्स. इथवर तुमचं एकमत होतं. त्याला तेल कुठलं यावरून मात्र एकमेकांची तोंडं बघेनासे झालात. यांचं म्हणणं, इंजिनचंच तेल नळीनं तिकडे फिरवायचं. तुझं म्हणणं, गिअरला स्वतःचं जाड तेल हवं, वेगळं, बंद. पाना टेबलावर आपटून गेलास तो गेलासच.

आता ऐक, आणि मी सांगितलं म्हणू नकोस. तू गेल्यावर आठवड्यातच यांनी नळी काढली आणि जाड तेल भरलं. विचारलं तर म्हणे, "नळी पाझरत होती." कसली पाझरते! मीच उचलून ठेवली, कोरडी ठणठणीत होती.

पण दादा, तुझं तेलही पुरत नाहीये. जमिनीवर थोडा वेळ इंजिन चालवलं की गिअरबॉक्सला हात लाववत नाही, तेलाला करपल्याचा वास येतो. काल यांनी त्याच्या तळाचं बूच काढलं. त्याच्या चुंबकाला लोखंडाचं पीठ चिकटतंच, एवढं मलाही कळतं. या वेळी कपच्या होत्या. नखाला लागतात. "नवे दाते आहेत, घासून बसतायत," हे म्हणाले, पण माझ्याकडे न बघता. मग बूच पांढऱ्या फडक्याला पुसलं आणि ते फडकं ओट्यावर, माझ्या चष्म्याशेजारी ठेवून गेले. एवढ्या संसारात तेलकट फडकं माझ्या ओट्यावर ठेवायची यांची छाती झाली नव्हती. मी काय समजायचं?

"दादाला बोलाव" हे यांच्या तोंडून निघायचं नाही. जीव गेला तरी नाही, असं लिहिणार होते. नाही लिहवलं.

मला भीती वाटतेय रे. जाड तेल ठेवून ते गार करायचं की इंजिनचं फिरवायचं, ते तुम्ही दोघांनी शेजारी उभं राहून ठरवा. हवं तेवढं भांडा, मी कानात बोळे घालीन.

फडकं सोबत आहे. आणि पुडकं जड का, तेही सांगते. सकाळी हे दाढी करत होते तेव्हा मी सगळं तेल बादलीत काढलं आणि बूच पळवलं. पंख्याला पाटी बांधली, "तेल नाही. हात लावायचा नाही." बाजारातलं कुठलंच बूच तिथे बसत नाही, त्याचे आटे तू लेथवर पाडलेस, हे तूच मिरवायचास ना?

यांनी पाटी वाचली. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. तर येऊन जेवले. हात धुताना विचारलं, "त्याच्याकडे जाणारी बस कितीला सुटते?"

तीनला सुटते. ड्रायव्हर ओळखीचा आहे, पुडकं त्याच्या हाती देते. बूच परत पाठवू नकोस. स्वतः घेऊन ये, स्वतः बसव.

वाट बघणाऱ्या दोघांपैकी जिला लिहिता येतं, ती
तुझी धाकटी