खंडेनवमीला वाजवायचा पियानो

मी, इंद्रायणी दत्तात्रय मंगळवेढेकर, वय ६८, व्यवसाय पियानोवादन (सध्या बंद), राहणार सात रस्त्याजवळ, सोलापूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. डोकं शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. उजवा हात शाबूत नाही, त्याला दाखल्याची गरज नाही. अक्षर डाव्या हाताचं, म्हणून वाकडं आहे.

१. राहत्या घरातला माझा निम्मा हिस्सा थोरले बंधू कै. गोपाळदादा यांचा मुलगा हृषीकेश याला मिळावा. मात्र त्याची आई, माझ्या शकुंतलावहिनी, हयात असेपर्यंत त्यांना या घरातून कोणी हलवू नये. हे कलम हृषीकेशनं पुन्हा वाचावं. तो कागद नीट वाचत नाही.

२. पियानो हृषीकेशला मिळणार नाही. कुंभारीच्या त्याच्या मंगल कार्यालयात तो शोभेला हवा आहे. "आत्या, नवरा-नवरी टेकून फोटो काढतील की!" शोभेला तिथे प्लास्टिकची कमान आहे, तेवढी पुरे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मास्तरकीच्या पगारात मायदेशी परत निघालेल्या एका पाद्र्याकडून हा पियानो घेतला. गल्लीतले लोक म्हणाले, एवढी मोठी पेटी कशाला? त्याच पेटीवर शिकून मी मुंबईला आणि पुढे व्हिएन्नाला गेले, आणि तीसेक वर्षं परदेशातल्या रंगमंचांवर वाजवलं.

३. हा पियानो माझी विद्यार्थिनी कु. धम्मप्रिया नवनाथ सर्वगोड हिला द्यावा. बँकेत जे असेल तेही तिलाच, त्याच्या देखभालीसाठी. आपल्या उन्हाळ्यात लाकूड तडकतं आणि सूर लावणारा माणूस पुण्याहून बोलवावा लागतो.

४. अट एकच. दर खंडेनवमीला तिनं तो वाजवायचा.

याचं कारण लिहिणं भाग आहे. अकरा वर्षांपूर्वी मी नवरात्रात घरी आले होते. पुढे जर्मनीत मोठा कार्यक्रम होता. खंडेनवमीला वहिनींनी पियानोला हळदकुंकू लावलं, हार घातला आणि म्हणाल्या, "वन्सं, आज पूजेतल्या वस्तूला हात लावायचा नसतो. सरस्वती रुसते." मी हार बाजूला केला आणि सराव केला. त्या कार्यक्रमात, भर वाजवताना, उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आत वळली. ती पुन्हा सरळ झाली नाहीत. डॉक्टर म्हणतात, वर्षानुवर्षांच्या सरावानं मेंदूचा बोटांवरचा ताबा सुटतो, अनेक वादकांना होतं. घरात मात्र सगळ्यांनी सरस्वती रुसली म्हणून मान डोलावली. वहिनी रागानं काही बोलल्या नाहीत. माझा हात हातात घेऊन रडल्या, ते जास्त लागलं. आणि खरं सांगते, कधी कधी मलाही ते पटतं. याचा मला भयंकर संताप येतो.

गेल्या खंडेनवमीला धम्मप्रिया शिकायला आली, तर वहिनींनी तिला दारातूनच परत पाठवलं. "नको गं बाई, तुझेही हात जातील." तेव्हापासून ती पोरगी वाजवण्याआधी बोटं उघडमीट करून बघते. सरावानं करंगळी दुखली की विचारते, "मॅडम, तुमचं असंच सुरू झालं होतं का?" तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. या भीतीनं तो वाया गेला तर मी कोणालाच माफ करणार नाही.

५. माझा फोटो पियानोवर ठेवू नये.

सह्यांपूर्वीची नोंद: आज मुद्दाम खंडेनवमीलाच हे लिहायला बसले. वहिनींना साक्षीदार व्हा म्हटलं, तर म्हणाल्या, "पेनं पूजेत मांडलीत. आज लिहायचं नसतं. उद्या दसऱ्याला करते की सही." मी त्यांना चौथं कलम वाचून दाखवलं. पोरीच्या बोटांचं ऐकून त्या देवघरात गेल्या. मग पूजेतलं पेन घेऊन बाहेर आल्या.

"माझा विश्वास आहे तो आहे, वन्सं," त्या म्हणाल्या. "पण रुसायचंच असेल तर सरस्वतीनं माझ्यावर रुसावं. त्या लेकराच्या हातांवर नको."

लिहून देणार: इंद्रायणी दत्तात्रय मंगळवेढेकर (सही, डाव्या हातानं)

साक्षीदार:
१. डॉ. महेश्वरी बसलिंगप्पा बिराजदार (सही)
२. शकुंतला गोपाळ मंगळवेढेकर (सही, पेनाला कुंकू होतं, त्याचा डाग कागदावर पडला आहे. तो खाडाखोड समजू नये.)

सोलापूर, बुधवार, १ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी.