पागेतला उतार

अण्णा, तुमची ती खोड शेवटी मलाही लागली, आणि तीही ऐन साइटवर. कुणाच्या नव्या घरी गेलात की चहा यायच्या आधी तुम्ही तांब्याभर पाणी मागायचात. घरच्या बाईला वाटायचं, तहान लागली असेल. तुम्ही ते सरळ फरशीवर ओतायचात आणि उकिडवे बसायचात. "मिस्त्री म्हणतोय लेव्हल आहे. बघू पाणी काय म्हणतंय." आई पदरात तोंड लपवायची. गवंडीकाम सुटलं तरी खोड सुटली नाही.

इथे न्यू जर्सीतल्या एका जुन्या इस्टेटीवरच्या घोड्यांच्या पागेचं आम्ही वाचनालय करतोय. तुम्हाला दाखवायला हवी होती. मधे चौक, तीन बाजूंनी विटांची इमारत, बग्गी आत शिरेल एवढी कमान, तिच्यावर घड्याळाचा मनोरा. माडीवरचं गवत थेट खालच्या गव्हाणीत पडावं म्हणून तक्तपोशीला झरोके ठेवलेत. घोड्यांची बडदास्त आपल्यापेक्षा बरी होती म्हणायची! फक्त विटांची जमीन दोन इंच खचलीय, असं ड्रॉइंगवर लिहिलेलं. लिहिणारी मीच. सोमवारी तिच्यावर काँक्रीट पडणार होतं. "मावशी, सगळं सेटल झालंय, खाली बसलंय. लेव्हल करू, डन," असं माझी इथेच जन्मलेली ज्युनिअर म्हणाली, आणि मी मान डोलावली. पण शुक्रवारी शेवटची फेरी मारताना काय वाटलं कोण जाणे, हातातल्या बाटलीतलं पाणी मी जमिनीवर ओतलं. ते गव्हाणीपासून निघतं, विटांच्या सांध्यांतून तुरुतुरु धावतं, मागच्या अरुंद नालीत शिरतं आणि कोपऱ्यातल्या जाळीत गडप होतं. शेजारच्या घोड्याच्या जागेतही तेच. त्याच्या शेजारीही तेच. खचलं काहीच नव्हतं. खूर कोरडे राहावेत म्हणून तुमच्यासारख्याच कुणीतरी तो उतार मन लावून दिला होता. "ओ माय गॉड, इट्स अ ड्रेन!" पोरगी ओरडली. मी आनंदाने तिथेच उकिडवी बसले, आणि उठताना तिचा हात धरावा लागला. काँक्रीट कॅन्सल केलं. विटा आहेत तशा राहतील.

तुम्ही गेलात, आता हे पत्र कुठे टाकणार? पण एक सांगायचं राहिलंय. तुम्ही माझ्याकडे इथे पार्सिपनीला आलात, तेव्हा माझ्या नव्या किचनमध्ये, पाहुण्यांदेखत, पेलाभर पाणी ओतलंत. मी पेला हिसकावून घेतला. "अण्णा, ही अमेरिका आहे. इथे मशीनने लेव्हल करतात." तुम्ही फडकं घेऊन पुसलंत. त्याची मला अजून लाज वाटते. पाणी फ्रिजखाली गेलं होतं, अण्णा. आपण दोघांनीही बघितलं होतं. अजूनही तिथेच जातं, आणि मी कुणी बघायच्या आत पुसून घेते.