वरणातल्या भुकटीची व्यवस्था

मी, नर्मदाबाई भाईदास बोरसे, वय सदुसष्ट, राहणार शिरपूर, जिल्हा धुळे, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून ठेवते. पोटातल्या गाठीने शरीर पोखरले आहे, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. डोके शाबूत असल्यामुळे जुने काही विसरलेले नाही.

१. शिरपूरचे घर माझ्या नावावर आहे. माझे पती दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरीला असताना मी वसाहतीत तेवीस वर्षे जेवणाचे डबे केले, त्यातून ते बांधले. यांनी या घरात हयातभर राहावे. त्यांच्यानंतर घर आमच्या एकुलत्या एका मुलीचे, दिपमालाचे. बँकेतली ठेव, सोन्याची पोत आणि मिक्सरही तिलाच.

२. शेजारी माझ्या मोठ्या जाऊबाई ताईबाई राहतात. त्यांना सगळे अक्का म्हणतात. मधल्या भिंतीवर माझा दावा नाही. अक्का लग्न होऊन आल्या तेव्हा हे अकरा वर्षांचे होते, आई नव्हती. अक्कांनीच यांना जेवू घातले, हे मला मान्य आहे. पण मी साठ-साठ डबे केले, साहेब लोकांनी बोटे चाटली, आणि यांना दीपनगरलाही अक्कांच्या शेंगदाण्याच्या चटणीची बरणी गावाहून लागायची; आता हे माझ्या ताटावरून उठून वाटी घेऊन भिंतीपलीकडे ती मागायला जातात. याचा चव्वेचाळीस वर्षे माझा जळफळाट होत आला आहे. वर अक्का म्हणतात, "त्याले मना हातनंच गोड लागस."

३. चार वर्षांपूर्वी यांचे वाईट कोलेस्टेरॉल एकशे बासष्ट निघाले. त्यावरच्या पूर्ण गोळीने पाय दुखत, म्हणून डॉक्टरांनी ती आधीच अर्ध्यावर आणली होती. त्यांच्या दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ मेघाताईंनी जोडीला वनस्पती स्टेरॉलची भुकटी सांगितली. शेंगदाण्यात, तिळात ते असते, पण अगदी थोडे. रोज दोन ग्रॅम पोटात गेले तर फरक पडतो. रूप कोलेस्टेरॉलसारखेच. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तसे ते आतड्यात जागा धरते, आणि कोलेस्टेरॉलला बरेचसे बाहेर राहावे लागते. हे म्हणाले, "पावडरबिवडर माले नको." म्हणून मी ती गुपचूप वरणात कालवू लागले. तीन महिन्यांत आकडा एकशे त्रेचाळीसवर आला. यांनी रिपोर्ट घेतला आणि सरळ भिंतीपलीकडे गेले. "वहिनी, हाई बठ्ठी तुन्ही चटणीनी कमाल शे." मी तेव्हा वरणाचे पातेले घासत होते.

गेल्या वर्षी ऑपरेशनसाठी मी दीड महिना जळगावला होते. हे दोन्ही वेळा अक्कांकडे जेवले, चटणी पोटभर. रिपोर्ट आला एकशे साठ. खरे लिहिते, मला आनंद झाला. नवऱ्याचे कोलेस्टेरॉल वाढले म्हणून पेढे वाटावेसे वाटणारी बाई मीच. आणि हे काय म्हणाले? "यंदाना शेंगदाणाच बेकार शेतस." घरी आल्यावर मी पुन्हा गुपचूप वरणात चमचा टाकला. सांगितले असते तर यांनी वरणही सोडले असते.

४. भुकटीचा डबा आणि त्यातला चमचा मी अक्कांना देते. हे कलम लिहायला मला नऊ दिवस लागले. दिपमालाची नोकरी जळगावला. ती भुकटी पाठवू शकेल, रोज जेवू घालू शकणार नाही. तिने हे कलम अक्कांना एकट्यांनाच वाचून दाखवावे. हे कुठलाच कागद वाचत नाहीत, ती खोड एकदाची कामी येईल. अक्का शहात्तरच्या आहेत आणि अजून पाट्यावर मिरच्या वाटतात. त्याचाही मला हेवाच वाटतो.

अक्का, सकाळ-संध्याकाळ एकेक सपाट चमचा, जेवणातच, उपाशीपोटी नाही. अर्धी गोळी चालूच ठेवायची. खंड पडू देऊ नका, काही आठवड्यांत आकडा पुन्हा चढतो. तुमच्या चटणीत कालवा. वरण ते ताटात टाकतील, चटणी टाकणार नाहीत. रिपोर्ट चांगला आला की तुमचेच नाव घेतील. घेऊ द्या. फक्त त्या वेळी माझ्या फोटोकडे बघू नका, मला सोसणार नाही.

५. वकीलसाहेब सांगतात, ज्याला काही द्यायचे त्याला साक्षीदार करू नये. हे मला आधीही माहीत होते, म्हणूनच मागच्या दिवाळीत केलेल्या मृत्युपत्रावर मी अक्कांना मुद्दाम साक्षीदार केले होते. ते मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करते.

लिहून देणार : नर्मदाबाई भाईदास बोरसे (सही)

आमच्यासमोर सही केली :
१) चुडामण अमृत देवरे (सही)
२) शिल्पा नीलेश ईशी (सही)

शिरपूर, दि. ११ फेब्रुवारी २०२५