दुसऱ्याची औषधं

३ जून

चि. नान्या,
अनेक आशीर्वाद.

तू निघालास त्या सकाळी मी पाणी भरलं, अंथरुणं उन्हात घातली, तुझे सदरे इस्त्री केले आणि तांदूळ निवडायला बसले. तू परदेशी जाणाऱ्यांसाठीचं माहितीपत्रक मोठ्याने वाचत होतास. पासपोर्टची प्रत वेगळी ठेवा, न समजणाऱ्या कागदावर सही करू नका, दुसऱ्याची औषधं जवळ बाळगू नका. मी नुसतं हं हं करत होते. मग तू बँकेत गेलास आणि मी तुझी बॅग भरली. तुझी कंबर धरते म्हणून बाबांच्या शेवटच्या दुखण्यातल्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या मोज्यांत गुंडाळून ठेवल्या. वर्ष झालं, तरी त्या टाकवत नव्हत्या.

दुसऱ्याची म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्याची, असं माझ्या डोक्यात. तुझे बाबा दुसरे, हे सुचलंच नाही.

तिथल्या आपल्या वकिलातीतल्या बाईंचा फोन आला तेव्हा मी दूध तापवत होते. तुला विमानतळावरच धरलंय म्हणाल्या. मी दूध उतरवलं, झाकलं. रडू आलं नाही, अजून येत नाही. हे पत्र त्याच बाई तुला पोचवतील. बॅग कोणी भरली म्हणून सांगितलंस, ते कळव.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
आई

११ जून

ती. आईस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

मी बरा आहे. खोलीत चौघे आहोत, अंथरूण स्वच्छ आहे. जेवणाला चव नाही. तू म्हणशील, बरं झालं, आता आईची किंमत कळली.

बॅग मीच भरली, असं सांगितलं. दुभाषा यायच्या आतच न समजणाऱ्या कागदावर सहीही करून बसलो. पत्रक वाचून दाखवणारा शहाणा तो मीच. त्या गोळ्या इथे नशेच्या यादीत आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी ज्याच्या नावाची, त्यानेच बाळगायच्या. वकील म्हणतो, बॅग भरणाऱ्याचा जबाब आणि बाबांची चिठ्ठी आली तर सुटशील, नाहीतर दोन वर्षं.

पण जबाब दिलास तर तुझं नाव यांच्या दप्तरी लागेल आणि तुला या देशात कधीच येऊ देणार नाहीत. ताईचं घर इथे, बाळंतपण दोन महिन्यांवर. तिला तू हवीस. तेव्हा तू गप्प राहा.

तुझ्या आशीर्वादाचा धनी,
नान्या

२२ जून

चि. नान्या,
आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. दोन वर्षं म्हणजे किती, ते मला ठाऊक आहे. तुझे बाबा दीड वर्ष अंथरुणाला खिळून होते.

ताईला फोन केला. ती म्हणाली, की बाळंतपणाला सासूबाई आहेत, तू आधी त्याला सोडव. हे ती आपणहून म्हणाली की मी तिच्याकडून म्हणवून घेतलं, ते मला अजून उमगत नाही. नातवंडाचा फोटो धाडत जा, एवढंच मी सांगितलं.

बाबांची फाईल काढली. चिठ्ठीवर त्यांचं पूर्ण नाव, वय, खाली गोळीचं नाव. नावावरून बोट फिरवलं. काही वाटलं नाही. तू आईला गप्प बसवण्याएवढा मोठा झालास, हे मात्र मनात आलं. मग जेवले, भांडी घासली आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी मी नोटरीच्या कचेरीत गेले, गोळ्या मीच ठेवल्या असा जबाब लिहून दिला, सही केली आणि चिठ्ठी जोडून कुरियरने वकिलातीच्या पत्त्यावर पाठवला.

आई