सुकन्याला दिलेले अर्धे उत्तर

लातूर
शुक्रवार, ९ जानेवारी २०२६

चि. अमरनाथ यास,
शरणार्थ आणि आशीर्वाद.

तुझ्या मुलीने मला रविवारी एक प्रश्न विचारला आणि मी तिला अर्धेच उत्तर दिले. म्हणून हे पत्र. तेवीस वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, तेव्हा खुशाली विचारायचा हक्क मला नाही. तरी विचारते. माझे गुडघे सोडले तर ठीक आहे.

सुकन्या जूनपासून इथे क्लासला आहे. ती दर रविवारी माझ्याकडे जेवायला येते, हे तुला माहीत नाही. तिच्या आईला, धम्मप्रियाला, माहीत आहे. पहिल्या दिवशी दारात उभी राहून "मी अमरनाथ यांची" एवढेच म्हणाली. कपाळ तुझे आहे. भाकरी अर्धी खाते, शेंगदाण्याची चटणी मात्र वाटीभर. तिच्यावर रागावू नकोस.

महापालिकेची निवडणूक आली आहे. मुलीचे पहिलेच मत. जेवताना म्हणाली, "आत्या, तुम्ही दर वेळी त्यांनाच का देता? मम्मी म्हणते, आत्यांना विचार, कारणं त्यांच्याकडं लई."

"मम्मी माझं नाव काढते?"

"काढते की. मी अभ्यासाला बसले नाही की म्हणते, आत्याकडं राहायला पाठवीन."

मी तिला कारणे सांगितली. अप्पा गेले तेव्हा मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि तू आठ वर्षांचा. चाकूरच्या दुकानाला चुलत्यांनी कुलूप घातले. त्यानंतर आपले घर तगले ते कुणाच्या भाषणांवर नाही. पहाटे उठणे, पूजा, दिवेलागणीच्या आत घरात, दिलेला शब्द पाळणे, यावर तगले. जुन्या नियमांनी मला हात दिला. ते मोडायला निघालेल्यांना मी मत कसे देऊ?

भूकंपाच्या वर्षी मी शाळेतर्फे किल्लारीच्या बाजूला गेले होते. एक म्हातारी दोन दिवस ढिगारा हाताने उकरत होती. मला वाटले, दागिने असतील. निघाला देव्हाऱ्यातला पितळी नंदी. पदराने पुसून तिने तो पत्र्याच्या शेडमध्ये ठेवला आणि मगच चूल मांडली. आमच्यातला एक शहाणा हसला. तेव्हापासून मी हसणाऱ्यांच्या बाजूची नाही.

शाळेतलेही सांगितले. फुकट मिळालेली वही मूल हरवते, राबून घेतलेली जपते. सरकारने एवढे तरी शिकावे.

यातले प्रत्येक वाक्य मी आजही मानते. सुकन्याला पटले नाही. तिने तसे तोंडावर सांगितले, ते मला आवडले. मग चटणीची वाटी पुसत म्हणाली, "आणि बाबांचं?"

"बाबांचं काय?"

"तुम्ही सभेत सांगता म्हणे, आमच्याच समाजातला एक पोरगा गळ्यातलं इष्टलिंग फेकून गेला, म्हणून आपण जागं राहायला पाहिजे. तो पोरगा म्हणजे बाबाच ना?"

मी ताट उचलून आत गेले. पोरीने भांडी घासून ठेवली आणि निघून गेली.

आता उरलेले उत्तर.

तू फेकले नाहीस. हे तुला माहीत आहे आणि मला. तू धम्मप्रियाचे सांगायला आधी माझ्याकडे आलास. "आईला तूच सांग, अक्का," म्हणालास. मी शनिवारी चाकूरला गेले. पुढच्या रविवारी तू उत्तर ऐकायला आलास, तेव्हा मी म्हणाले, "आई नाही म्हणते. ती मुलगी हवी असेल तर गळ्यातले काढून ठेव." तीस वर्षांचा होतास. वाद घालशील असे वाटले होते, त्याची उत्तरेही मी तयार ठेवली होती. तू दोरा डोक्यावरून काढलास, लिंगाची डबी टेबलावर ठेवलीस आणि चप्पल घातलीस.

आई नाही म्हणाली नव्हती.

आई तूर निवडत होती. मी सगळे सांगितले, मुलगी कोण, कुठली, कोणत्या समाजाची. आईने सूप खाली ठेवले नाही. म्हणाली, "पोरगी चांगली हाय ना? मग स्वामीला बोलवू, तिची विच्छा असंल तर तिला बी लिंग बांधू. नसंल तर नसंल. आपल्यात कुणालाबी न्हाई म्हणत न्हाईत. त्याला म्हणावं, घिऊन ये." मी म्हणाले, "लोक काय म्हणतील?" तर म्हणाली, "तू लई शिकलीस, म्हणून तुला लोकं दिसतात."

मी हा निरोप तुला दिला नाही. मी धर्माचे नाव घेतले, मनात जात होती. आणि त्याच्याही खाली आणखी काही होते, ते मला बरीच वर्षे दिसले नाही. मी लग्न केले नव्हते. तुला मी वाढवले होते. तू घरात दुसरीला आणणार होतास आणि माझी परवानगी विचारत नव्हतास, नुसता निरोप पोचवायला सांगत होतास.

आईला मी जाऊन सांगितले, तो लिंग फेकून नांदेडला गेला. बाई दोन दिवस जेवली नाही. मुलगा बाहेर लग्न करतो, हे तिला चालले होते. लिंग फेकलेले चालले नाही. पुढे तिला मी लातूरला आणले. तुझी दोन पत्रे आली, ती मी तिला वाचून दाखवली नाहीत. तिच्या मातीला तू आलास आणि फाटकापाशी उभा राहिलास. आईने टाकले म्हणून तू आत आला नाहीस. तू टाकलेस म्हणून आई तुझे नाव न घेता गेली. मध्ये मी उभी होते. मी तुला आत बोलावले नाही.

पुढे महिला मंडळात बोलायला उभे करू लागले, तेव्हा तेच खोटे मी दाखला म्हणून वापरले. टाळ्या पडल्या. पंधरा वर्षे पडल्या.

दुसऱ्याचे इष्टलिंग आपण पुजायचे नसते. नियम पाळणाऱ्या तुझ्या अक्काने तुझे तेवीस वर्षे पुजले, माझे पुजून झाल्यावर, डाव्या तळहातावर घेऊन, एक दिवस न चुकवता. याची भलावण करत नाही. सांगते आहे.

सुकन्याने दिवाळीनंतर सांगितले की तुझ्या हृदयाचे ऑपरेशन झाले. आत नेताना तू सारखा गळ्यापाशी हात नेत होतास, आणि नर्सला वाटले, दुखते आहे. ते ऐकूनही मी दोन महिने थांबले. इष्टलिंग ही वस्तू शेवटी ज्याची त्याच्या हातात मातीत जायची असते. माझ्या कपाटात राहिली असती, तर मी कोणत्या तोंडाने नियम सांगत होते?

माझे मत बदलणार नाही. गुरुवारी मी त्याच बाजूला देणार, तुझी मुलगी दुसऱ्या बाजूला देईल. पण परवा मंडळाची बैठक आहे, तिथे उभी राहून तुझे नाव घेऊन सांगणार, की फेकले नव्हते, मी काढायला लावले होते. अध्यक्षबाईंना कळवले आहे. त्या म्हणाल्या, निवडणूक झाल्यावर सांगा. मी नाही म्हणाले.

क्षमा मागत नाही. मागितली तर तुला द्यावी लागेल, तो भार तुझ्यावर नको. हे धम्मप्रियालाही वाचून दाखव. तुझी इच्छा आहे का, हे तिला विचारायचे होते, तेच राहून गेले.

तुझी,
अक्का (महानंदा)

पाकिटाच्या पाठीवर: शनिवार, १० जानेवारी, सकाळी साडेनऊ, लातूर बसस्थानक, नांदेड गाडीपाशी. सुकन्या संक्रांतीसाठी घरी जात आहे. तिच्या हाती दिले ते:

हे पत्र, बंद.
तुझी आईला आलेली पत्रे दोन. उघडलेली नाहीत.
चांदीची डबी, आत तुझे इष्टलिंग. दोरा तोच आहे, बदललेला नाही.
चांदीची आणखी एक डबी, नवी, रिकामी. मी तिचा होकार घेऊन चाकूरहून निघाले त्या आठवड्यात आईने सुनेसाठी करवून घेतली होती.

सुकन्याने विचारले, "ही कुणाची?" या वेळी पूर्ण उत्तर दिले.